बटण कोणी दाबलं

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. नमस्कार पोटभर आणि राग त्याहून जास्त. राग तुझ्यावर नाही, घाबरू नकोस.

तू पाठवलेलं रॉकेटचं खोकं मिळालं. वरची बाजू कुठली ते बाणांनी दाखवलेलं असूनही पोस्टमननं ते उलटंच आणलं, पण आत सगळं शाबूत होतं. झाकणावरचं चित्र मी कापून भिंतीला लावलंय. पुढे झुकलेले दोन मोठे पंख, पोटाखाली दोन लहान नळ्या, निळं पारदर्शक डोकं आणि मागे दोन चंद्र असलेला कुठला तरी ग्रह. खाली लिहिलंय, बाविसाव्या शतकातलं टेहळणी यान. तोवर कोण थांबतंय, म्हणून मी त्याच संध्याकाळी कामाला बसले.

माहितीपत्रक पाठ होईपर्यंत वाचलं. पुठ्ठ्याच्या नळीवर रेघा आखल्या, इंजिनाचा आधार आत सरकवून चिकटवला, पॅराशूटच्या दोऱ्या गुंता न होता बांधल्या. पंखांचं लाकूड बाल्सा नावाचं आहे. ते इतकं हलकं की तळहातावर ठेवलं तरी आहे की नाही कळत नाही. पॉलिशपेपरनं घासून घासून मी पंखांच्या कडा गोल केल्या आणि गोंदानं बसवले. एक पंख जरा तिरका बसला. मलाही दिसत होतं. पण तो घट्ट होता आणि मी बसवलेला होता.

सकाळी उठून बघते तर यानाला पंखच नाहीत! बाबांनी ब्लेडनं सोलून काढले होते. तुझा भाऊ कसा आहे ते तुला मी काय सांगणार? कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी आधी दाराच्या बिजागऱ्या बघतात. तिरकं काही दिसलं की त्यांना शिंक आल्यासारखं होतं. ते म्हणाले, पोरी, असं काम आपल्या घरातून बाहेर गेलं तर लोक माझ्या कारखान्यात कपाट करायला टाकणार नाहीत. मग त्यांनी सागवानाच्या पातळ पट्ट्या काढून नवे पंख केले, लाखेच्या खोलीत नेऊन त्यावर हातांवर हात दिले, आणि आता ते यान आरशासारखं चमकतं. गिऱ्हाईक आलं की बाबा ते दाखवतात आणि म्हणतात, आम्ही केलंय. आम्ही म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही.

आत्या, ते फार सुंदर दिसतं. त्याचाच मला जास्त राग येतो.

आणि ते उडणार नाही. पत्रकात लिहिलंय, यान तोललं जाईल तिथे दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवा, नाक पुढे राहिलं तरच उडवा. बाबा जेवायला बसले होते तेव्हा मी फिरवून बघितलं. शेपूट पुढे आणि नाक मागे! सागवान आणि लाख, सगळं वजन मागे गेलंय. मी बाबांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, जन्म लाकडात गेला माझा, आता दोरीकडून शिकू का? यान त्यांनी कारखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवलंय आणि ते उडवायच्या बटणाच्या डब्याची चावी त्यांच्या खिशात आहे.

तूच काहीतरी कर. तुझं ते ऐकतात असं आई म्हणते. मला तसं कधी दिसलं नाही.

लोभ आहेच, तो या कामात वापर.

तुझी,
ठिणगी


१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मोजकेच. आधी भाचीची तक्रार ऐक, मग उरलेले पाठवते.

फोन केला असता, पण या धरणाच्या कामावर ऑफिसात एकच फोन आहे आणि तो उचलला की अख्खं ऑफिस पेन खाली ठेवून ऐकतं. तुला त्यांच्यासमोर झापणं बरं दिसणार नाही.

खोकं मी तेरा वर्षांच्या मुलीला पाठवलं होतं, तिच्या बापाला नाही. तुला हवं असेल तर तसं कळव, पुढच्या वेळी दोन पाठवीन. तिचे पंख उपटलेस ते उपटलेस, वर लाख लावलीस? अरे, ते आकाशात जायचंय, दिवाणखान्यात नाही. मी इथे दिवसभर काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फोडते. वरून गुळगुळीत दिसणारा ठोकळा आतून कसा आहे ते फोडल्यावरच कळतं, दिसण्यावर मी एकही पास केलेला नाही. पोरीनं दोरी बांधून चाचणी घेतली आणि यान नापास झालं. तिनं ते तुला सांगितलं. तू हसलास.

हसणं सोड. यान आणि चावी दोन्ही तिच्या हातात दे, तिला तिचे पंख पुन्हा बसवू दे. तिरके बसले तर तिरके. वहिनीला विचार, तू लग्नानंतर केलेलं पहिलं स्टूल अजून लंगडतं की नाही.

रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण ऐक.

तुझी,
ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार रीतीप्रमाणे. बाकी काही रीतीप्रमाणे राहिलेलं नाही.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बसणार होतो, तोवर तू पाठवलेल्या खोक्यानंच उत्तर दिलं. शुक्रवारी सकाळी तुझ्या लाडक्या भाचीनं ते यान मागच्या मैदानात नेऊन उडवलं आणि कोंबडीवाल्या आजोबांच्या खुराड्याला आग लावली. मी लाखेच्या खोलीत होतो. तिनं कपाट उघडलं, माझ्या कोटाच्या खिशातून चावी काढली आणि कुणाला न विचारता निघाली.

काय झालं ते नीट कळव म्हणशील, म्हणून लिहितो. बटण पहिल्यांदा दाबल्यावर नुसता धूर आला. दुसऱ्यांदा अंगठा रोवून धरावा लागला. मग फुस्स करून यान दांडीवरून सुटलं, माणसाच्या उंचीवर जातं न जातं तोच शेपूट खाली बसलं, ते डावीकडे कललं आणि आडवं होऊन सरळ खुराड्याच्या गवती छपरात घुसलं. पॅराशूट बाहेर ढकलायला इंजिनात जो शेवटचा बार असतो, तो छपरातच उडाला. गवत वाळलेलं. धावून जाईपर्यंत अर्धं छप्पर पेटलं होतं. बऱ्याचशा कोंबड्या बाहेर काढल्या, सगळ्या नाही निघाल्या. आजोबांचा हात भाजला.

आता बघ, माझ्या कारखान्यात लाकूड, भुसा आणि लाख. अग्निशमनाचा परवाना याच महिन्यात नवा करायचा आहे, तपासणीला साहेब यायचे आहेत. आगीच्या ठिकाणी माझं नाव निघालं असतं तर कारखान्याला टाळं लागलं असतं. नशीब, पोराच्या हातून झालं म्हटल्यावर लोक फार ताणून धरत नाहीत. तिला आजोबांची माफी मागायला लावली. शाळेतही कळवलं. त्यांनी तिला विज्ञानाच्या प्रयोगांना बसायची बंदी केलीय, ठीकच केलं.

तू लांब राहून खेळणी पाठवतेस आणि लाड करतेस. निस्तरायला मी आहे. घर चालवणं म्हणजे ठोकळे फोडणं नव्हे, ताई. यापुढे तिला काही पाठवू नकोस.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढवू नकोस.

तुझा,
धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही आज.

तुझ्या बाबांचं पत्र आलं. यान नाक मागे करून फिरतं हे तुला ठाऊक होतं. तूच मला लिहिलंस! तरी तू ते उडवलंस? वाळक्या गवताशेजारी? म्हाताऱ्या माणसाचा हात भाजला, मुकी जनावरं मेली. मला वाटलं होतं, या घरात एक तरी माणूस चाचणीवर विश्वास ठेवतं. मी तुझी बाजू घेऊन भावाशी भांडले आणि तू मला तोंडघशी पाडलंस.

खिशातून चावी काढणं याला काय म्हणतात ते तुला मी सांगायला नको.

सध्या एवढंच. राग शांत झाला की पुढचं लिहीन.

आत्या


४ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सोबत माहितीपत्रक आणि उरलेली इंजिनं परत पाठवते आहे. इंजिनं ओली करून पाठवतेय, म्हणजे पोस्टात काही पेटायचं नाही आणि त्याचं नाव माझ्यावर यायचं नाही.

मी सगळ्यांची माफी मागितली आहे. काय बोलायचं ते बाबांनी शिकवलं होतं, मी पाठ केलं. शाळेत मला आता ठिणगी म्हणत नाहीत, आगलावी म्हणतात. मधल्या सुट्टीत मी वर्गातच बसते. माझी परीक्षा बरी गेली. इतिहासाचा पेपर त्या शुक्रवारीच होता.

अजून माफी राहिली असेल तर कळव, तुझीही मागते.

ठिणगी


९ मार्च

चि. सौ. वहिनीस,

अनेक आशीर्वाद, आणि एक प्रश्न. बाकी काही लिहीत नाही, कारण प्रश्नाशिवाय दुसरं काही सुचत नाही.

धाकटा लिहितो, तो लाखेच्या खोलीत होता. लाखेच्या खोलीला खिडकी नाही, मी ती पाहिलेली आहे. मग बटण एकदा दाबल्यावर नुसता धूर आला आणि दुसऱ्यांदा अंगठा रोवून धरावा लागला, हे त्याला कुठून दिसलं? माझं डोकं ठिकाणावर असतं तर ते पत्र वाचतानाच हे लक्षात यायला हवं होतं. पण मी रागात वाचलं आणि रागातच पोरीला लिहून मोकळी झाले. आता ती लिहिते की शुक्रवारी तिचा इतिहासाचा पेपर होता.

वहिनी, बटण कोणी दाबलं?

तुला अडचणीत टाकते आहे हे कळतं. तरी विचारते.

तुझी,
वन्सं


१५ मार्च

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मला कुणी विचारलंच नव्हतं. न विचारता सांगायचं धाडस मला झालं नाही, हे माझं.

बटण यांनी दाबलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मला सगळं दिसत होतं. एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं, इस्पितळाच्या नव्या इमारतीतली सगळी कपाटं ज्याच्या हातात आहेत तो कंत्राटदार. त्याला यान फार आवडलं. त्यानं विचारलं, उडतं का हो? यांना नाही म्हणवेना. कारागीर आणि गिऱ्हाईक असे सगळे मैदानात गेले. पोर शाळेत होती.

आग लागल्यावर कंत्राटदार आपल्या गाडीतून निघून गेला. आग विझली आणि आजोबांनी विचारलं, हे कुणाचं काम? हे म्हणाले, पोरीचं यान आहे. शब्द खोटा नव्हता हो वन्सं, पण त्यानंतर जे जे विचारलं गेलं त्याला हे नुसती मान हलवत गेले. संध्याकाळपर्यंत तो सगळा प्रकार पोरीचा होऊन बसला. कारागिरांनी पोटासाठी तोंड उघडलं नाही, आणि शाळेत कळवताना यांनी वेळच सांगितली नाही. तिला समोर बसवून यांनी सांगितलं की परवाना गेला तर कारखान्यातल्या सगळ्या माणसांच्या घरी चूल पेटायची नाही, तू लहान आहेस, तुला लोक माफ करतील. ती म्हणाली, पण मी तर तुम्हाला सांगितलं होतं ना, नाक मागे राहतंय म्हणून. हे म्हणाले, आता तो विषय नको.

तो विषय नको म्हणे! मी तिथेच उभी होते, हातात भाजी चिरायची सुरी होती आणि मी भाजी चिरत राहिले. माझ्यावरही ती चिडली आहे आणि तिचं बरोबर आहे. आजोबा तिला खूप बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती आणि शेवटी पाठ केलेलं वाक्य म्हणाली. आजोबा आणखीच भडकले, म्हणाले, हिला तर वाईटही वाटत नाही.

त्या दिवसापासून यांच्याशी मीही कामापुरतं बोलते. यांना ते कळतं. यांचं ते एक टेबल गेले कित्येक दिवस पुरंच होत नाही, रंधा मारतात आणि पुन्हा मारतात.

तुम्हाला जे लिहायचं ते यांना लिहा. माझं नाव घातलंत तरी चालेल. घालाच.

तुमची,
वहिनी


१८ मार्च

धाकट्या,

चिरंजीव लिहायचं राहिलं नाही, मुद्दाम सोडलं आहे. मिळवलंस की परत देईन.

मला सगळं कळलं आहे. वहिनीनं सांगितलं, आणि तिनं सांगितलं म्हणून तिच्याशी एक शब्द वाकडा बोललास तर बघ. पण त्याआधी तूच सांगितलंस. तुझ्याच पत्रात तुझा अंगठा आहे. इतकं साफ खोटं बोलायला जमत नाही तुला, आणि त्यातही पोरीच्या गळ्यात घातलंस!

यान पडलं त्याचा मला राग नाही. माझ्यासमोर रोज काही ना काही फुटतं. तुझ्या हौसेचाही नाही, गिऱ्हाईकापुढे मिरवायची हौस प्रत्येक कारागिराला असते. आग लागली तेव्हा तू हात न भाजवता उभा राहिला नसशील हेही मला ठाऊक आहे, कोंबड्या तूच बाहेर काढल्या असशील. त्या घटकेला मी तुला शहाणा म्हटलं असतं. पण त्यानंतर? आगीतून कोंबडी काढलीस आणि पोर आत ढकललीस.

तिनं तुला आधी सांगितलं होतं की हे उडणार नाही. म्हणजे त्या मैदानावर ज्याचं बरोबर होतं असं एकच माणूस होतं, आणि ते तिथे नव्हतं, इतिहासाचा पेपर लिहीत होतं. त्याच माणसाला तू माफी मागायला पाठवलंस. वाक्य तू पढवलंस! पंख तुझे, वाक्यही तुझं, फक्त नाव तिचं.

आणि माझ्यावरही राग आहे माझा. तिला मी जे पत्र लिहिलं ते आठवलं की हाताला चटका बसल्यासारखं होतं. ते पत्र मी तुझ्या शब्दावर लिहिलं. माझ्या भावाचा शब्द म्हणून तपासला नाही. यापुढे तपासीन.

परवान्याचं कारण मला सांगू नकोस. माणसांच्या पोटाची काळजी खरी आहे, मी मानते. मग त्यासाठी तू जा साहेबापुढे, लाखेची खोली वेगळी बांध, हात जोड, जे करायचं ते कर. तेरा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर कारखाना उभा करू नकोस.

जिथे जिथे तिचं नाव सांगितलंस, तिथे तिथे स्वतःच्या पायांनी जाऊन आपलं नाव सांग. आजोबांकडे, शाळेत. चिठ्ठी पाठवायची नाही, वहिनीला पाठवायचं नाही. महिनाअखेरपर्यंत गेला नाहीस तर मी रजा टाकून येईन आणि तुझ्या कारखान्याच्या दारात उभी राहून सांगेन. माझा आवाज तुला माहीत आहे. इथे काँक्रीटचं यंत्र चालू असतानाही माणसं माझं ऐकतात.

ताई


२९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. मला कोणी असं लिहिलं नव्हतं आजवर.

आजोबांकडे गेलो. ते नवीन जाळी बांधत होते. सांगितलं. मला वाटलं चिडतील, मारतील, नुकसानीचं बोलतील. त्यातलं काही नाही. त्यांनी जाळी खाली ठेवली आणि विचारलं, मी त्या पोरीला जे बोललो ते आता परत कोण घेणार? तू घेणार? मग ते ओरडायला लागले. म्हणाले, छप्पर जळलं त्याचं मला काही नाही, पण तू माझ्या तोंडून एका निरपराध लेकराला शिव्या घालायला लावल्यास. शेजारपाजारची माणसं गोळा झाली. मी उभा राहिलो.

शाळेत बाई म्हणाल्या, मला सांगितलंत ते पुरे, मी मुलांना सांगेन. मी म्हटलं, नको, मीच सांगतो. कपड्यांवर भुसा होता, तसाच वर्गाच्या दारात उभा राहिलो. मुलं हसली. ठिणगी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं की यान मी उडवलं, हिनं मला उडवू नका म्हणून सांगितलं होतं. बाईंनी पाणी दिलं, ते न पिताच आलो.

तपासणीचे साहेब आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. त्यांनी लाखेच्या खोलीला टाळं लावलं. वेगळी खोली बांधल्याशिवाय ते निघणार नाही. इस्पितळाच्या कपाटांचं काम दुसऱ्याकडे गेलं. दोन कारागीर तात्पुरते दुसरीकडे लागलेत. ज्याची भीती होती ते झालं. तुझं समाधान झालं असेल.

नाही, असं लिहायला नको होतं. पण खोडत नाही. मला राग आलाय ताई, आणि तो कुणावर काढायचा ते समजत नाही, कारण जिथे बघतो तिथे मीच आहे.

घरी आलो तेव्हा ती जेवत होती. तिला म्हटलं, सगळीकडे सांगून आलो. तिनं ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन जेवली.

लोभाचं तू ठरव.

तुझा,
धाकटा


११ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार जरा कमी आहे, समजून घे.

तुझं माफीचं पत्र एप्रिलमध्येच आलं आणि त्यासोबतचं दुसरं खोकंही. पत्र वाचलं. खोकं कपाटावर टाकून दिलं. आईनं पुसायच्या निमित्तानं ते रोज खाली काढायचं आणि मी ते रोज वर ठेवायचं, असं खूप दिवस चाललं होतं. मला तुझा बाबांपेक्षा जास्त राग आला होता. बाबा घाबरले म्हणून खोटं बोलले. तू तर घाबरली नव्हतीस. मला नुसतं एकदा विचारायचं होतंस, ठिणगी, तू केलंस का? आईला विचारलंस आणि मला नाही.

तू पत्रात कारणं दिली नाहीस, ते एक बरं केलंस.

मग एक दिवस कोंबडीवाले आजोबा घरी आले. खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. म्हणाले, मी तुला बोललो ते चुकलं. एवढा म्हातारा माणूस माझ्यासमोर उभा आणि मला काय करायचं तेच कळेना, तर मी म्हटलं, तुमचा हात बरा आहे का? ते रडायला लागले. मीही. त्या दिवशी मी आतापर्यंतचं सगळं रडून घेतलं. संध्याकाळी खोकं खाली काढलं.

या वेळी मी दाराला आतून कडी लावून काम केलं. पंख बाल्साचेच. तोच डावा पंख पुन्हा तिरका बसला, माझ्या हातातच काहीतरी तसं असणार. वाळत ठेवलं होतं तेव्हा कडी काढलेली होती आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांना पंख दिसला. आत्या, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शिंक यावी तसं झालं त्यांना. हात पुढे आला. मग त्यांनी तो काखेत दाबून धरला आणि कारखान्यात निघून गेले. पार जेवणवेळेपर्यंत रंध्याचा आवाज येत होता. आई म्हणाली, आज एका फळीचं काही खरं नाही.

दोरी बांधून फिरवलं. नाक पुढे. मी मुद्दाम अंगणात फिरवलं, सगळ्यांना दिसेल असं.

रविवारी सकाळी उडवलं. शाळेतल्या बाई आल्या, वर्गातल्या मुली आल्या, मला आगलावी म्हणणाऱ्याही. त्यांना मी मागच्या रांगेत उभं केलं. आजोबा पाण्यानं भरलेली बादली घेऊन आले. त्यांच्या खुराड्याला आता पत्र्याचं छप्पर आहे, बाबांनीच घालून दिलंय, तरी बादली हवीच म्हणाले. बाबा लांब कुंपणापाशी उभे होते. या म्हणून मी सांगितलं नव्हतं आणि नको असंही नाही.

चावी माझ्या हातात होती. बटण दाबलं आणि एका दमात ते सुटलं! वर, सरळ वर, आणि त्या तिरक्या पंखामुळे स्वतःभोवती गिरक्या घेत. एवढ्या गिरक्या चित्रातल्या यानानंही घेतल्या नसत्या. धुराची रेघ दोरखंडाला पीळ घालावा तशी निघाली. मी ओरडले. काय ओरडले ते आईनं सांगितलं, पण लिहिण्यासारखं नाही. वर ठिपका झाला, मग फटकन आवाज, आणि लाल पॅराशूट उघडलं.

पण वारा होता. पॅराशूट मैदानात यायचं सोडून कालव्याच्या दिशेनं सरकायला लागलं. आम्ही सगळे नुसते माना वर करून बघतोय, आणि बाबा पळाले. कुंपणावरून उडी मारून, आत्या! अर्ध्या विजारीनिशी, कारण अर्धी तारेत अडकून फाटली. शेतातून, चिखलातून, मान वर आणि पाय कुठेही. दोनदा पडलेले मला दिसले. मग दिसेनासे झाले.

यान सापडलं नाही. बाबा आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात, हाताला काटे लागलेले, रिकामे. सगळ्यांसमोर माझ्याजवळ येऊन थांबले. मला वाटलं आता पंखाचं काहीतरी काढतील. ते धापा टाकत म्हणाले की कालव्यापलीकडे गेलं, मला गाठता आलं नाही. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. ते गेलं ते माझंच गेलं ना.

मग बाबांनी विचारलं, पुढच्या वेळी मी काय करू?

मला आठवत नाही त्यांनी याआधी मला कधी असं काही विचारल्याचं. आणि विचारून त्यांनी स्वतःच उत्तर दिलं नाही. माझा राग गेलेला नाही, आत्या. तो बराच आहे. म्हणून मी मुद्दाम खूप वेळ घेतला. सगळे बघत होते, बाबांच्या पायांवरचा चिखल वाळत चालला होता. शेवटी मी म्हटलं, आजोबांचं वय झालंय, बादली जड आहे, ती तुम्ही धरा.

त्यांनी लगेच धरली. आजोबांच्या घरापर्यंत भरलेलीच नेली.

तुझ्यावर लोभ आहे, पण तो पहिल्याइतका करायचा असेल तर पत्र चालणार नाही, रजा काढून ये.

तुझी,
ठिणगी